तासभर शटर उघडं ठेवूनही देवयानी दीर्घिका का उमटली नाही?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. आजोबांचा निकॉन एफएम२ कपाटात सापडला, सोबत ५० मिमी एफ/१.८ आणि १३५ मिमी एफ/२.८ अशा दोन लेन्स. कोथरूडच्या गच्चीवर ट्रायपॉड लावून, एचपी५ हा ४०० आयएसओचा कृष्णधवल रोल घालून, ५० मिमी लेन्सने तुम्ही देवयानी दीर्घिकेला, म्हणजे अँड्रोमेडा गॅलेक्सीला, एक तास एक्स्पोजर दिलंत. रोल धुऊन आला तर ती फ्रेम काळीकुट्ट, तिच्यात ताऱ्यांच्या चार पुसट रेघा आणि दीर्घिकेचा पत्ता नाही. आता तुम्ही विचारता आहात की तीन तास दिले तर येईल का, आणि त्यासाठी कोणता रोल चांगला.

तीन तास देऊ नका. निगेटिव्हवर जास्त उजेड म्हणजे जास्त काळं, तेव्हा फ्रेम आणखी काळी होण्यापलीकडे काही होणार नाही. मी १९९१ पासून पुण्याच्या आसपासच्या माळांवरून फिल्मवर दीर्घिका टिपते आहे. सुरुवातीला माझाही समज असाच होता की गोष्ट अंधूक असेल तर वेळ वाढवायचा. वेळ लागतोच, पण तो सगळ्यात शेवटी ठरतो. आधी जागा, मग आकाशाबरोबर फिरणारी बैठक, मग रोल. हा क्रम का, ते कळलं की मिनिटांचा आकडा तुमचा तुम्हीच काढाल. माझे आकडे तुमच्या रात्रीला जसेच्या तसे लागू पडणार नाहीत. हवेतली धूळ, दव, लेन्स, डेव्हलपर (फिल्म धुण्याचं रसायन) यांच्याप्रमाणे ते हलतात.

पुस्तकांत देवयानी दीर्घिकेची प्रत, म्हणजे तेजाचा आकडा (जितका लहान तितकं तेज जास्त), ३.४ दिलेली असते आणि फसगत तिथेच होते. ३.४ प्रतीचा तारा बऱ्या रात्री शहरातूनही दिसतो. पण हा आकडा सांगतो तो दीर्घिकेचा सगळा प्रकाश एका ठिपक्यात गोळा केला तर किती होईल ते. प्रत्यक्षात तो सुमारे ३ अंश लांब आणि १ अंश रुंद जागेत पसरलेला आहे. पूर्ण चंद्र अर्ध्या अंशाचा. असे सहा चंद्र ओळीने मांडले की तिची लांबी भरते. वाटीभर तूप परातभर पसरावं तसा हा प्रकार. मधला गाभा तेवढा दाट, बाहेरचे भाग इतके विरळ की अगदी निबिड अंधारातल्या आकाशाची स्वतःची जी क्षीण चमक असते, तिच्यापेक्षाही ते मंद आहेत.

म्हणजे फिल्मवर सगळीकडे आकाश उमटतंच. दीर्घिका जिथे आहे तिथे आकाश अधिक थोडंसं. ते 'थोडंसं' वेगळं दिसायला हवं, इतकाच सगळा खटाटोप आहे. शहराचं आकाश अंधाऱ्या माळापेक्षा ४ प्रतींनी उजळ धरलं, तर तो फरक सुमारे ४० पटींचा होतो. पार्श्वभूमी ४० पट झाली, दीर्घिका तेवढीच राहिली. तासभर दिलेत तेव्हा कोथरूडच्या उजेडाने फिल्म पहिल्या काही मिनिटांतच भरून टाकली होती. उरलेला वेळ फक्त काळ्यावर काळं चढत गेलं. त्यात कॅमेरा स्थिर होता. पृथ्वी फिरते, त्यामुळे ५० मिमी लेन्सवर देवयानी दीर्घिकेची प्रतिमा तासाभरात फिल्मवर जवळजवळ १ सेंटीमीटर सरकते, आणि ती प्रतिमा मुळात अडीच मिलिमीटरच्या आसपास. फिल्मच्या कुठल्याही एका जागेवर तिचा प्रकाश धड टिकलाच नाही. ताऱ्यांच्या रेघाही पुसट आल्या त्या याच दोन कारणांनी.

तेव्हा पहिली गोष्ट, गच्ची सोडा. मी बहुतेक वेळा वेल्हे आणि भोरच्या बाजूला जाते. तिथून पुण्याचा उजेड ईशान्येला, क्षितिजालगत राहतो आणि दक्षिण मोकळी मिळते. उत्तरेकडे जायचं तर जुन्नरच्या पुढे. आयुका या पुण्यातल्या खगोलशास्त्र संस्थेची २ मीटरची दुर्बीणही पुण्यापासून दूर, उत्तरेला गिरवलीच्या डोंगरावर आहे. देवयानी दीर्घिका पुण्याच्या अक्षांशावरून उत्तरेला सुमारे ६७ अंश उंचीवर मध्यमंडल (डोक्यावरून जाणारी उत्तर-दक्षिण रेषा) ओलांडते, म्हणजे चांगली डोक्याकडे असते. त्यामुळे तिच्यासाठी दोन्ही बाजू चालतात. शेतात उभं राहायचं तर मालकाला विचारून, आणि गावच्या पोलीस पाटलांच्या कानावर घालून. रात्री दोन वाजता लाल दिवे घेऊन माळावर बसलेली माणसं पाहून गावकरी काळजीत पडले तर चूक त्यांची नाही.

तिथीचंही बघा. देवयानीचा काळ म्हणजे ऑक्टोबर ते डिसेंबर. त्यातली लक्ष्मीपूजनाची अमावस्या नावाला अंधारी. फटाक्यांचा धूर हवेत अडकून बसतो आणि खालचा उजेड त्यावर पसरतो. मी ती सोडते आणि कार्तिकातल्या अमावस्येची वाट पाहते. तोवर पावसाळ्याचा ओलावाही बराच ओसरलेला असतो. नोव्हेंबरच्या मध्यावर दीर्घिका रात्री पावणेदहाच्या सुमारास सगळ्यात उंच असते, त्यामुळे साडेआठ ते अकरा हा वेळ तिच्यासाठी राखून ठेवा.

आता बैठक. तुमच्याकडे मोटरचं माउंट, म्हणजे आकाशाबरोबर आपोआप फिरणारी बैठक, नाही असं मी धरून चालते, आणि पहिल्या वर्षी ते घेऊही नका. बिजागरीचा ट्रॅकर सुताराकडून अर्ध्या दिवसात होतो. दोन फळ्या, एका कडेला त्यांना जोडणारी घट्ट, न डुगडुगणारी बिजागरी, आणि खालच्या फळीतून वर येऊन वरच्या फळीला ढकलणारा एक लांब बोल्ट. एम६ बोल्टचा आटा १ मिलिमीटरचा असतो, म्हणजे एका फेऱ्यात तो १ मिलिमीटर पुढे जातो. बिजागरीच्या मध्यापासून बोल्ट २२९ मिलिमीटरवर बसवला आणि मिनिटाला एक फेरा दिला, की वरची फळी आकाशाच्या वेगाने उघडत जाते. हा आकडा २३ तास ५६ मिनिटांच्या नाक्षत्र दिवसावरून (ताऱ्यांच्या एका फेरीला लागणाऱ्या वेळेवरून) येतो, तेव्हा सुताराला 'साधारण २३ सेंटीमीटर' सांगू नका, मोजून खूण करून द्या. बोल्टच्या डोक्याला जुनी सीडी चिकटवा, तिच्यावर ६० खुणा करा आणि सेकंदकाट्याबरोबर ती हाताने सरकवत राहा. मध्ये थांबून एकदम पाव फेरा देऊ नका. १३५ मिमी लेन्सवर पाव फेऱ्याचा झटका ताऱ्याला फिल्मवर मिलिमीटरच्या सातव्या हिश्शाइतका ओढतो, आणि ती रेघ स्पष्ट दिसते. हात कंटाळले की तपकीर गल्लीत मिनिटाला एक फेरा देणारी छोटी गिअरची मोटर शोधा.

बिजागरीचा अक्ष आकाशाच्या ध्रुवाकडे रोखायचा असतो, आणि इथे पुणेकरांची एक खास अडचण आहे. ध्रुवतारा आपल्याकडे फक्त साडेअठरा अंशांवर. तेवढ्या उंचीवर धूसर हवा असते, बऱ्याचदा समोरचा डोंगरच आडवा येतो. थंड देशांसाठी बनवलेली काही माउंट इतकी खाली झुकतच नाहीत, किंवा त्यांचं वजन तिपाईच्या पायाला आपटतं. म्हणून जागा निवडताना आधी उत्तर क्षितिज पाहून घ्या. शिवाय ध्रुवतारा नेमका ध्रुवावर नाही. तो शर्मिष्ठा या तारकासमूहाच्या बाजूला, चंद्राच्या रुंदीपेक्षा किंचित जास्त सरकलेला आहे. नोव्हेंबरच्या संध्याकाळी शर्मिष्ठा वर असते, म्हणजे खरा ध्रुव ताऱ्याच्या जरासा खाली. बिजागरीला समांतर एक सरळ नळी चिकटवा, तिच्यातून बघून ध्रुवतारा मधोमध आणा आणि मग फळी तेवढी खाली करा. एवढ्यावर ५० मिमी लेन्सने १५ मिनिटांपर्यंत तारे गोल राहतात. १३५ मिमीला मी ५ ते ८ मिनिटांपुढे भरवसा ठेवत नाही.

पुढे कधी मोठ्या लेन्सवर किंवा दुर्बिणीवर गेलात तर हाताने गायडिंग, म्हणजे एका ताऱ्यावर नजर ठेवून माउंट सावरत राहणं, शिकावं लागेल. ते कसं असतं ते सांगते, कारण फिल्मचा सगळा स्वभाव त्यात कळतो. मुख्य नळीच्या जोडीला एक छोटी दुर्बीण, तिच्या आयपीसमध्ये (डोळा लावायच्या भिंगात) लाल प्रकाशाने उजळलेल्या दोन काटकोनी बारीक वायरी. नवीन माणूस तारा बरोबर वायरींच्या छेदावर ठेवतो आणि वायरीआड तो दिसेनासा झाला की गोंधळतो. मला शिकवणाऱ्या काकांनी पहिल्याच रात्री सांगितलं, 'ताऱ्याचा फोकस सोडून दे.' सोडला की ताऱ्याची छोटी चकती होते आणि दोन वायरी तिचे चार सारखे तुकडे करतात. एक तुकडा जरा मोठा दिसू लागला की बटण दाबायचं. आमच्या माउंटचा वर्म, म्हणजे ते फिरवणारा आट्याचा दांडा, ८ मिनिटांत एक फेरा घ्यायचा, आणि त्या प्रत्येक फेऱ्यात तारा आधी उजवीकडे रेंगाळायचा, मग डावीकडे. त्रिकोण तारकासमूहातल्या एम ३३ या दीर्घिकेला ४० मिनिटं दिली तेव्हा तो पाच वेळा असा गेला आणि आला. डोळा आयपीसला, अंगठा बटणावर, मान वाकडी, श्वास काचेवर जाऊ नये म्हणून तोंडावर मफलर. चाळिसाव्या मिनिटाला शटर मिटल्याचा आवाज आला आणि मग पाय बधिर झालेत हे जाणवलं. ती निगेटिव्ह आजही माझ्याकडे आहे. तिच्यातले तारे गोल आहेत.

आता रोल. तुम्ही हे आधी विचारलं होतं, मी मुद्दाम इथवर थांबवलं. फिल्म सावकाश येणारा प्रकाश विसरते. हे शब्दशः खरं आहे. चंदेरी लवणाच्या कणात प्रकाश पडला की चांदीचा एखादा अणू सुटा होतो, पण एकटा अणू टिकत नाही, पुन्हा विरघळून जातो. तीन-चार अणू एकत्र आले की मगच तो कण डेव्हलपरमध्ये काळा होण्याइतका पक्का होतो. उन्हात हे क्षणात होतं. दीर्घिकेच्या प्रकाशात पहिला अणू तयार होतो आणि दुसरा येईपर्यंत तो गेलेलाही असतो. गळक्या रांजणात पाणी भरायचं आणि नळाची धार बारीक, असं चित्र डोळ्यासमोर आणा. धार जितकी बारीक तितका गळतीचा वाटा मोठा. छायाचित्रकार याला रेसिप्रॉसिटी फेल्युअर म्हणतात. कार्ल श्वार्त्सशिल्ट या जर्मन खगोलशास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ताऱ्यांच्या प्लेटा (काचेवरच्या निगेटिव्ह) मोजताना त्याचा नियम मांडला. हे तेच श्वार्त्सशिल्ट, ज्यांचं नाव पुढे कृष्णविवरांच्या गणितात आलं.

प्रत्येक फिल्मची गळती वेगळी असते आणि कंपन्या ती छापतात. प्रकाश मोजणाऱ्या मीटरने १०० सेकंद सांगितले तर कोडॅकच्या तक्त्याप्रमाणे ट्राय-एक्सला १२०० सेकंद लागतात, टी-मॅक्स ४०० ला ३००. तुमच्या एचपी५ साठी इलफर्डचं सूत्र आहे, मीटरच्या सेकंदांचा १.३१ वा घात. १०० सेकंदांचे ४१७ होतात. फुजीच्या एक्रॉसला १२० सेकंदांपर्यंत काहीच वाढवावं लागत नाही आणि १००० सेकंदांपर्यंत फक्त अर्धा स्टॉप (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट). यावरून एक हिशोब करून बघा. १६ मिनिटं शटर उघडं ठेवलं तर एचपी५ चा ४०० चा वेग, म्हणजे आयएसओ, उरतो ८० च्या आसपास. एक्रॉस मुळात १००, अर्धा स्टॉप गेला तरी ७० उरतो. डब्यावरचा ४०० चा आकडा बघून रोल घेणारा माणूस इथे जाड ग्रेन (फिल्मचे दाणे) पदरात पाडून घेतो आणि वेग मिळतो जवळजवळ तेवढाच.

म्हणून माझं मत असं. हात बसेपर्यंत, म्हणजे पहिले दोन रोल, एचपी५च वापरा. तो मिळतो, चुका पोटात घालतो. मग टी-मॅक्स ४००. आणि ट्रॅकिंग १० मिनिटांच्या पुढे गोल तारे देऊ लागलं की एक्रॉस. एक्रॉसला तांबड्या टोकाचा रंग कमी दिसतो, त्यामुळे लाल तेजोमेघ त्यावर मंद येतात. दीर्घिकांचा प्रकाश मुख्यतः ताऱ्यांचा आहे, त्यांना फारसा तोटा नाही. रंगीत हवं असेल तर प्रोव्हिया १००एफ ही स्लाइड फिल्म दोन मिनिटांपर्यंत गळत नाही. पण आधी कृष्णधवल, कारण ते घरी धुता येतं, आणि दीर्घिकेच्या निगेटिव्हचं निम्मं काम धुण्यातच असतं. जुन्या लेखांत 'हायपर' केलेली टेक्निकल पॅन फिल्म वाचनात येईल. ती नायट्रोजनमध्ये थोडा हायड्रोजन मिसळून त्यात शिजवायची पद्धत होती, त्याने फिल्ममधली आर्द्रता आणि ऑक्सिजन निघून गळती कमी व्हायची. ती फिल्म २००४ मध्ये बंद झाली. तिच्यामागे लागू नका.

मोठ्या वेधशाळांनाही या गळतीतून सुटका नव्हती. ऑक्टोबर १९२३ मध्ये एडविन हबल यांनी माउंट विल्सनच्या १०० इंची दुर्बिणीवर देवयानी दीर्घिकेची ४५ मिनिटांची प्लेट घेतली, आणि तिच्यावर तो रूपविकारी (तेज कमीजास्त होणारा) तारा सापडला ज्यामुळे ही दीर्घिका आपल्या आकाशगंगेच्या बाहेर आहे हे सिद्ध झालं. त्याच्याही आधी, १८८८ मध्ये, आयझॅक रॉबर्ट्स यांनी इंग्लंडातून २० इंची दुर्बिणीने तिचं छायाचित्र घेतलं आणि तिचे वळसे पहिल्यांदा दिसले. ती दुर्बीण ग्रब यांच्या कारखान्यातली. आपल्या पुण्यातही प्रा. कावसजी नायगमवाला यांनी सायन्स कॉलेजात, म्हणजे आजच्या सीओईपी या अभियांत्रिकी संस्थेत, वेधशाळा उभारली होती. तिथली दुर्बीणही २० इंची आणि ग्रब यांचीच. १९१२ मध्ये ती कोडाइकनालला गेली. सीओईपीवरून जाताना मला दर वेळी वाटतं, त्या आरशाला तेव्हा किती काळं आकाश मिळत असेल!

कॅमेऱ्याबद्दल फार सांगायला नको. एफएम२ चं 'बी' (दाबून ठेवाल तितका वेळ शटर उघडं) यांत्रिक आहे, बॅटरी खात नाही, या कामाला उत्तम. कुलूप लागणारी केबल रिलीज घ्या. शटर उघडताना लेन्ससमोर काळा पुठ्ठा धरा, कंप थांबला की काढा. मिटतानाही आधी पुठ्ठा. ५० मिमी लेन्स एफ/२.८ वर ठेवा, पूर्ण उघडी ठेवली तर कडेचे तारे पंख फुटल्यासारखे येतात. फोकस मात्र नुसता अनंताच्या खुणेवर सोडू नका. रोल घालण्याआधी मागचं झाकण उघडून, फिल्म जिथे बसते त्या दोन रुळांवर मॅट सेलोटेप ताणून लावा, शटर 'बी' वर उघडा आणि लांबच्या दिव्याची प्रतिमा भिंगातून बघत रिंग फिरवा. सगळ्यात बारीक ठिपका येईल तिथे पांढऱ्या रंगाची खूण करा. शटरच्या पडद्याला बोट लागू देऊ नका.

डिसेंबर-जानेवारीत दरीत उतरलेली थंड हवा अर्ध्या तासात लेन्स ओली करते. एका जानेवारीत माझ्या सलग चार फ्रेम गेल्या. तारे मोठे होत होत शेवटी नुसता धूसर डाग. तेव्हापासून लेन्सच्या तोंडाला रेझिस्टरची साखळी कापडी पट्टीत शिवून गुंडाळते आणि १२ व्होल्टच्या बॅटरीवर कोमट ठेवते. काच हाताला जेमतेम कोमट लागावी, गरम नाही.

आता तुमचा मूळ प्रश्न, किती वेळ. पहिल्या रात्री एकच आकडा घेऊन जाऊ नका, दुपटीने जा. ५० मिमीवर एफ/२.८ ला २, ४, ८, १६ मिनिटं. मग १३५ मिमीवर २, ४, ८. सात फ्रेम, ट्रॅकर पुन्हा मागे घ्यायचा वेळ धरून दीड तास. प्रत्येक फ्रेमची वेळ, लेन्स, हवा, दव, सगळं वहीत. माझ्या अनुभवात वेल्ह्याच्या बाजूला स्वच्छ रात्री ४०० च्या रोलला एफ/२.८ वर १५ ते २० मिनिटांत आकाश भरत येतं. कोथरूडच्या गच्चीवर तेच एक-दोन मिनिटांत होईल. बरोबर भरलेली पार्श्वभूमी कशी ओळखायची? सुकलेली निगेटिव्ह वर्तमानपत्रावर ठेवा. पार्श्वभूमीतून बारीक अक्षरं राखाडी पण वाचता येण्यासारखी दिसली तर एक्स्पोजर बेताचं. काचेसारखी स्वच्छ दिसली तर वेळ कमी पडला. अक्षरं लागतच नसतील तर आकाशाने दीर्घिका गिळली, पुढच्या वेळी निम्मा वेळ द्या.

रोल बाहेर धुवायला टाकायचा असेल तर पहिल्या फ्रेमवर दिवसाउजेडी काहीतरी घ्या, झाड, घर, काहीही, आणि 'कापू नका' असं लिहून द्या. १९९६ मध्ये एका लॅबने माझा रोल सवयीने कापला. काळ्या आकाशाच्या फ्रेमना कडा दिसत नाहीत, त्यामुळे कात्री प्रत्येक फ्रेमच्या मधून गेली, आणि तीन रात्रींच्या कामाचे दोन-दोन तुकडे हातात आले. त्या दिवसापासून मी घरी धुते. डी-७६ हा डेव्हलपर घरी बनतो: एका लिटरला मेटॉल २ ग्रॅम, सोडियम सल्फाइट १०० ग्रॅम, हायड्रोक्विनोन ५ ग्रॅम, बोरॅक्स २ ग्रॅम, ७५० मिलिलिटर कोमट पाण्यात याच क्रमाने, आणि मग लिटर पुरं करायचं. मेटॉलच्या आधी चिमूटभर सल्फाइट टाका. तापमान २० अंश. पुण्यात उन्हाळ्यात नळाचं पाणी त्याहून कितीतरी गरम असतं, तेव्हा बादलीत बर्फ घालून टाकी त्यात उभी करा. वेळ छापलेल्यापेक्षा पाव भाग जास्त द्या. दीर्घिकेला कॉन्ट्रास्ट लागतो. आणि रोल महिनाभर कॅमेऱ्यात ठेवू नका, अंधूक प्रतिमा धुण्याआधीही हळूहळू फिकी पडत जाते.

निगेटिव्ह चांगली आली तरी डोळ्यांना ती थोडी निराश करेल. तेव्हा दुसरी तशीच निगेटिव्ह तिच्यावर अचूक जुळवून, दोन्ही एकत्र धरून त्यांची प्रत काढा. ग्रेन विरघळतो, दीर्घिकेचा फरक दुप्पट होतो. डेव्हिड मॅलिन यांनी ऑस्ट्रेलियात १९८० च्या दशकात असल्याच युक्त्यांनी, प्लेटच्या वरच्या थरात दडलेली अगदी मंद प्रतिमा वर काढून, तोवर कुणाला न दिसलेली एक प्रचंड विरळ दीर्घिका शोधली. प्लेट साधीच होती, काळजी प्रत काढण्यात होती.

पहिल्या निगेटिव्हवर काय बघायचं तेही सांगते. १३५ मिमीवर देवयानी दीर्घिका पूर्ण आली तर ७ मिलिमीटर लांब असेल, पण पहिल्या फेरीत ३-४ मिलिमीटरचा तिरका डाग मिळाला तरी काम बरोबर चाललंय. भिंग घ्या आणि तिच्या दोन सोबतिणी दीर्घिका शोधा. एम ३२ गाभ्याच्या दक्षिणेला अगदी जवळ, एम ११० वायव्येला जरा लांब. दोघींची प्रत ८ च्या आसपास, जवळजवळ सारखीच. पण एम ३२ गोळा झालेली आहे, ती २ मिनिटांच्या फ्रेमवरही जाडसर ताऱ्यासारखी दिसेल. एम ११० पसरलेली आहे. ज्या फ्रेमवर ती पहिल्यांदा, लंबगोल फुंकरीसारखी, आकाशातून सुटी दिसेल, त्या फ्रेमची मिनिटं वहीत लाल शाईने लिहा. तुमच्या लेन्सला, रोलला आणि त्या माळाला लागणारा वेळ तोच.